साहेबांची वळख

आमच्या हिंगोलीपासून समुद्र इतका लांब आहे की पाऊससुद्धा दोन गाड्या बदलून येतो, आणि पोचेपर्यंत त्याच्याजवळचं निम्मं पाणी वाटेत सांडलेलं असतं. विमानं डोक्यावरून जातात, पण फार उंचावरून. खाली आलं तर कुणीतरी हात करून थांबवील आणि 'सेनगावपर्यंत सोडता का' म्हणून विचारील, ही त्यांना धास्ती. सरहद्द म्हणाल तर आमच्या माहितीतली एकच, शेताच्या बांधाची. अशा मुलखात एका पोरानं दहावीच्या सुट्टीत पारावर बसून जाहीर केलं, की मी कस्टमचा साहेब होणार. जहाजावर चढणार, बॅगा उघडणार, सोनं पकडणार.

गावातल्या म्हाताऱ्यांना कस्टम कळेना. शेवटी एकानं शोध लावला, "अरे, करोडगिरी म्हण की." निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा मुलूख, आणि अलीकडं आम्ही. म्हणून नदीच्या उतारावर नाके असायचे. म्हाताऱ्यांची समजूत अशी झाली, की हे पोरगं आता नदीकाठी खाट टाकून बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याची गाठोडी सोडायला लावणार. त्या दिवसापासून त्याला 'साहेब' हे नाव पडलं. एक म्हातारी तर तो समोरून आला की कनवटीची तंबाखू पदराआड सरकवायची, ती मरेपर्यंत.

खरं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलेलं त्याला चालत नसे. उभ्या जन्मात त्यानं सोनं राखलं नाही, शेत राखलं नाही. राखलं ते फक्त नाव, आणि तेही असं की वारा लागू दिला नाही.

त्याचं मूळ हिंगोलीतल्या एका क्लासमध्ये होतं. आम्ही दोघं तिथं एका खोलीत राहायचो. हळदीच्या बाजारामागं खोली, त्यामुळं आमची उशी, आमची पुस्तकं आणि परीक्षेची हॉलतिकिटंसुद्धा पिवळी. तो दिल्लीच्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास करायचा, मी पोलीस भरतीचा. क्लासमध्ये एकदा संभाजीनगरचे एक सर आले. ते बोलता बोलता सांगून गेले, की नुसतं पास होऊन भागत नाही. नंतर गावात पोलीस येतो, शेजारीपाजारी चौकशी करतो, त्याला पडताळणी म्हणतात. कुठं एक गुन्हा दाखल असला, कुठल्या भानगडीत नाव असलं, की आलेली नोकरी दारातून परत जाते. बाकीची पोरं हे समोसा खाईपर्यंत विसरली. ह्याच्या मात्र ते हाडात शिरलं.

तिथून पुढं त्याच्या तोंडात एकच वाक्य. पडताळणीत येतंय.

आमच्याकडच्या गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जिपांचं तुम्हाला माहीत नसेल. त्यांत माणसं बसत नाहीत, रचतात. खालचा थर बायकांचा, वरचा गड्यांचा, आणि ड्रायव्हर कुणाच्या तरी मांडीवर. साहेब ह्या जिपेत कधी बसला नाही. परवान्यापेक्षा जास्त माणसं भरलेल्या गाडीत सापडलो तर पंचनाम्यात नाव येतं म्हणे. तो मागनं पायी चालत यायचा आणि बहुतेकदा जिपेच्या आधी पोचायचा, कारण जीप दर फर्लांगावर बंद पडायची आणि तो पडायचा नाही. हरभऱ्याच्या दिवसांत रस्त्याकडेच्या शेतातले डहाळे उपटून खाणं हा आमच्याकडं गुन्हा नाही, संस्कार आहे. हा पठ्ठ्या शेतमालकाला शोधत गेला, त्यानं हो म्हटल्यावर साक्षीदार आणायला परत आला, आणि तोवर आम्ही निम्मा वाफा संपवला होता. मोबाईलवरचे सगळे ग्रुप त्यानं सोडले. गावचा, वर्गाचा, भावकीचा. कुणी काय टाकील आणि गुन्हा कुणाकुणावर दाखल होईल सांगता येत नाही. लग्नाचं आवतन आता ग्रुपवरच येतं, त्यामुळं त्याला ते कळायचंच नाही, आणि कळलं तरी तो जायचा नाही. वरातीत डीजे असतो, डीजेवरून भांडण होतं, भांडणात पोलीस येतो. अक्षता पडायच्या आधी त्याला हातकड्या दिसायच्या.

मला हसू यायचं, पण खोलीत त्याच्याबरोबर राहून थोडी धडकी मलाही भरायला लागली. बाहेर बुलेटचा आवाज झाला की आम्ही दोघं एकदम पुस्तकात तोंड घालायचो. त्याच्या काळजीला साथीच्या रोगासारखा गुण होता. घरमालक पण हळूहळू पायऱ्या मोजून उतरायला लागला.

पण नजर मात्र त्याची खऱ्या साहेबाची होती. संध्याकाळी आम्ही एसटी डेपोत जाऊन बसायचो, तो माणसं वाचायचा. म्हणायचा, पिशवीकडं बघू नको, पिशवी उचलणाऱ्या खांद्याकडं बघ. एक दिवस घोंगडी पांघरलेला एक गृहस्थ फलाटावर आला. साहेब कुजबुजला, "ह्याच्याजवळ काहीतरी हाय. चालताना श्वास सुद्धा विचारून घेऊन राहिला." मी म्हणालो, उन्हाळ्यात घोंगडी म्हणजे आजारी असेल. तेवढ्यात गाडी लागली, गृहस्थ चढला, कंडक्टर तिकीट फाडायला जवळ गेला, आणि घोंगडीतून कोंबडा आरवला. असा आरवला की औंढ्याच्या लोकांना पहाट झाल्यासारखं वाटून त्यांनी चुली पेटवल्या. मी आनंदानं साहेबाची पाठ थोपटायला वळलो, तर साहेब जागेवर नाही. कोंबड्याच्या तिकिटावरून वाद होणार, साक्षीदार लागणार, म्हणून तो मागच्या भिंतीवरून उडी टाकून पसार झाला होता.

असा तो. चोर दिसला की पकडायच्या आधी स्वतःच पळणारा.

क्लास संपल्यावर तो गावी येऊन अभ्यास करायला लागला. त्याचं घर चाचाच्या घराला लागून. मधली भिंत एकच. साहेबाचे आईबाप थोरल्या भावाकडं पुण्याला बांधकामावर गेले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि तेव्हापासून ह्याचं बघणारं माणूस म्हणजे चाचा आणि त्याची बायको, आमची सगळ्यांची खाला. चाचाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कस्टमच्या भरतीत चालण्याची आणि सायकलीची चाचणी असते हे कळल्यावर चाचाला स्वतःची नेमणूक झाल्यासारखं वाटलं. त्यानं चार जुन्या सायकलींतून एक नवी जन्माला घातली आणि सकाळी फाट्यापर्यंत साहेबाच्या मागं स्वतः दुसऱ्या सायकलीवर बसून, "दबा, दबा, जहाज निकल गया" असं ओरडत जायचा. खाला दारात उभी राहून दोघांनाही वेडे म्हणायची आणि दोघांसाठीही भाकरी टाकायची.

चाचा गेला तो त्याच रस्त्यावर. गोरेगावच्या बाजारातनं ट्यूब घेऊन येत होता, मागून टेम्पोनं उडवलं. टेम्पोवाला पळाला. गाव खवळलं. सगळे गडी फाट्यावर जमले, रस्ता अडवला. मी पहिल्या ओळीत होतो आणि माझा आवाज वाशिमपर्यंत ऐकू गेला असं वाशिमचे लोक अजून सांगतात. पोलीस आले, मोबाईलवर शूटिंग केलं, नावं लिहून घेतली. बेकायदेशीर जमाव म्हणून गुन्हा दाखल झाला आणि त्यात गावातला मिशी फुटलेला झाडून सारा माणूस आला. सरपंच, मशिदीचा मुतवल्ली, भजनी मंडळ, सगळे आरोपी. माझी पोलीस भरती त्याच दुपारी संपली. आज गोरेगावात मोबाईलला काचा चिकटवतो, त्याचं मूळ तिथं.

साहेब नव्हता. साहेबाचं दार आतनं बंद होतं.

त्यावर कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. गाव फक्त गप्प झालं. खालानं त्याच्यासाठी भाकरी टाकणं बंद केलं, आणि भिंतीला लागून असलेली तिची गॅसची शेगडी दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

पुढं दोन प्रयत्न त्याचे वाया गेले आणि शेवटचा उरला. त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती. आणि त्या शेवटच्या प्रयत्नात हा माणूस पास झाला. लेखी झाली, चालणं झालं, सायकल झाली, डॉक्टरनं छाती मोजली. कस्टमचा निरीक्षक. आता एकच राहिलं होतं, ज्यासाठी त्यानं अर्धा जन्म जिपेमागं पायी चालून काढला होता. पडताळणी.

मी त्याला भेटायला गेलो तर घरात येरझाऱ्या चालल्या होत्या. शेणानं सारवलेल्या भुईला चर पडला होता, आणखी आठवडाभर तो चालला असता तर पाणी लागलं असतं. मी म्हणालो, अरे तुला काय भ्या, तुझ्याइतका कोरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही. तो म्हणाला, "तेच तर. कोऱ्यावर कुणीबी काहीबी लिहितंय."

बाजाराच्या दिवशी शिपाई आला. नगरकडचा, नवा बदलून आलेला, तरणा, मोटारसायकलवर. पहिल्यांदा तो फाट्यावरच्या हॉटेलात थांबला आणि साहेबाचा फोटो दाखवून मालकाला विचारलं, यांना ओळखता का?

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं ओळखणं वेगळं आणि वळख वेगळी. ओळखतो आम्ही सगळ्यांनाच. चोराला, आमदाराला, दुसऱ्याच्या म्हशीला. वळख ही ठेवावी लागते. लग्नाला गेलं की वळख राहते, मातीला गेलं की पक्की होते. नाही गेलं तर माणूस नाकासमोर उभा असला तरी त्याची आमची वळख नसते. नगरच्या पोराला हे कुठनं माहीत असणार.

हॉटेलवाला फोटोकडं बघून म्हणाला, "न्हाई बा. ह्याची कायबी वळख न्हाई."

शिपायानं पुढच्या टपरीवर विचारलं. तिथंही तेच. चक्कीवर तेच. न्हाव्यानं तर फोटो उलटा करून मागं बघितलं आणि म्हणाला, वळख ठेवणाऱ्यातला चेहराच न्हाई. प्रत्येकाला वाटत होतं आपण जरा टोमणा मारला. शिपाई मात्र टिपून घेत चालला होता, की सदर इसम या गावी कुणाच्या परिचयाचा नाही.

मला दुकानात फोन आला तेव्हा मी ग्राहकाच्या मोबाईलची काच अर्धी चिकटवून तशीच सोडली आणि गाडीला किक मारली. शिपायाला चावडीजवळ गाठलं. माझ्या जिभेला घाई झाली की तिला लगाम राहत नाही. मी सांगितलं की हा माणूस गावाचा हिरा आहे, त्यानं पुरातनं लेकरं काढली, वाघाच्या तोंडातनं गाय सोडवली. शिपाई म्हणाला, वाघ कोणत्या साली आला होता? मी म्हणालो, साल वाघाला विचारलं नाही. मग त्यानं माझं नाव विचारलं. नाव ऐकून तो हसला. फाट्यावरच्या गुन्ह्यात तुम्हीच ना पहिले, म्हणाला. आरोपीचा जबाब मला घेता येत नाही. सरपंचाचा, मुतवल्लीचा, तुमच्या भजनी मंडळाचाही नाही.

"मग घेणार कुणाचा?" मी विचारलं.

"शेजारचं कुणी असेल ना," तो म्हणाला. "ज्याच्यावर केस नाही असं."

गावात केस नसलेली मोठी माणसं म्हणजे बाया. आणि शेजार एकच.

आम्ही गल्लीत गेलो तेव्हा साहेब त्याच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो घामानं पाठीला चिकटला होता. खाला ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती. गल्लीतल्या बाया दारांतनं बघून राहिल्या होत्या. शिपायानं टोपी काढली, अदबीनं विचारलं, "मावशी, हे शेजारचे. यांना ओळखता का?"

खालानं वर बघितलं नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"न्हाई. याची आमची वळख न्हाई."

शिपायानं पेन काढलं. मी खालाच्या पुढं बसकण मारली, म्हणालो, खाला, ह्याचा जन्म जाईल, हा शेवटचा चान्स आहे त्याचा, मागून पाहिजे तेवढ्या शिव्या घाल. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मेरा आदमी रस्त्यावर पडला व्हता. मयत दवाखान्यात न्यायचं, संगट जायला घरचं माणूस पायजे. समदे गडी फाट्यावर बोंबलत व्हते, तूबी. घरात हा एकटा. म्या याचं दार वाजवलं. आत व्हता. श्वास ऐकू येत व्हता मला. कडी न्हाई काढली त्यानं." ती परत सुपाकडं वळली. "कशी असंल वळख?"

हे मला माहीत नव्हतं. दार बंद होतं एवढंच गावाला माहीत होतं. ते वाजलं होतं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शिपायानं साहेबाकडं बघितलं. पळून जायला मागं भिंत होती, उडी मारण्याएवढीच होती. साहेब जागचा हलला नाही.

"बराबर हाय त्यांचं," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, विहिरीतनं आल्यासारखा. "दार वाजलं व्हतं. मी न्हाई काढलं. पंचनाम्यात नाव येईल म्हणून भ्यालो. वळख न्हाई, तसंच लिहा तुमी."

शिपाई लिहायला लागला. आणि खालानं सूप खाली आदळलं. डाळ ओट्यावर पसरली.

"तसंच लिहा म्हणतो. अक्कल गहाण टाकली का रे? पोलिसाला असं सांगतात का? तुझ्या मायनं मला काय सांगून सोडलं व्हतं तुला?" मग शिपायाकडं वळून, "अन् तू. तू काहून लिहून राहिला लगेच? वळख न्हाई म्हणाले मी. वळखत न्हाई कुठं म्हणाले? ह्या पोराच्या खोकल्यावरनं सांगते मी ताप हाय का नुस्ती थंडी. पालीला भितो. वांगं खात न्हाई. रोज पहाटं भिंतीपल्याडनं त्याचं एकच, अबँडन म्हंजे सोडून देणं, अबँडन म्हंजे सोडून देणं. आमच्या म्हाताऱ्याला पाठ झालं व्हतं ते इंग्रजी. सायकलचा पाना सापडला न्हाई तर म्हणायचा, किसने अबँडन किया." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् येळ आली तवा ह्यानं तेच केलं."

शिपायानं लिहिलेल्या ओळीवर काट मारली. बिचाऱ्याचं वय साहेबापेक्षा कमीच असेल. त्यानं हळू आवाजात विचारलं, मग वर्तणुकीचं काय लिहू?

"भित्रा. लई भित्रा, लिव."

"तसं लिहिता येत नाही, मावशी. चांगली म्हणून लिहितात."

"चांगली नको," खाला म्हणाली. तिनं बराच वेळ साहेबाकडं बघितलं, मातीच्या दिवसापासून बहुतेक पहिल्यांदाच. "चोर न्हाई म्हणून लिव. कुणाच्या काडीला हात न्हाई लावला त्यानं कधी. एवढं खरं हाय, एवढंच लिव."

तिनं सही केली आणि डाळ न भरताच आत गेली. दार लावून घेतलं.

शिपायानं शेवटी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी वाढवून सांगायचं म्हटलं तरी वाढवता येणार नाही. साहेब रोज पोस्टापर्यंत जायचा आणि आत न जाता परत यायचा. माझं वजन उतरलं, नोकरी त्याची होती तरी. मग एक दिवस नेमणूक आली. मुंबईची. समुद्राची.

निघायच्या सकाळी मी त्याला फाट्यावर सोडायला गेलो होतो. म्हणजे जायला निघालो होतो. हिंगोलीतनं गाडी पकडायची होती, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी हजर होणं अवघड, हजर झालं नाही तर साहेबगिरीचा पहिलाच दिवस चुकणार. हे सगळं रात्रभर त्यानंच मला सांगितलं होतं. म्हणून उभ्या जन्मात पहिल्यांदा तो जिपेत बसायला तयार झाला होता, आणि ती गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न देत होती. साहेब बॅग घेऊन घराबाहेर आला, आणि फाट्याकडं वळायच्या ऐवजी खालाच्या दाराशी गेला. कडी वाजवली.

त्यानं पुन्हा वाजवली. मग बॅग खाली ठेवली आणि ओट्याच्या पायरीवर बसला. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी घड्याळ दाखवून खुणा केल्या. तो दाराकडंच बघत होता.

थोड्या वेळानं दाराआडून खालाचा आवाज आला. "जीप हुकंल."

"हुकू द्या," तो म्हणाला.

जीप गेली. धूळ खाली बसली. साहेब तसाच बसून होता, मीही भिंतीला टेकून उभा राहिलो. मग आत भाकरीची परात वाजली आणि गॅसच्या लायटरची खटखट सुरू झाली. गॅस लवकर पेटत नव्हता. ती पुन्हा पुन्हा खटका दाबत राहिली.